खाल्ल्या मिठाची निष्ठा आणि मोहिमेवरची श्रद्धा

ज्या कामगिरीवर सैनिकाला धाडले जाते तिच्या योग्यतेवर त्याचा स्वतःचा विश्वास असतो काय, आणि नसल्यास त्याच्या हातून घडलेल्या हिंसेचा दोष कोणाच्या माथी लागतो, हा प्रश्न गेल्या शतकात मानसशास्त्राने आपलासा केला असला तरी त्याचे मूळ धर्मचिंतनात आहे. विश्वास ठेवून लढणाऱ्याची हिंसा त्याच्या श्रद्धेच्या खाती जमा होते आणि विश्वास न ठेवता लढणाऱ्याची हिंसा पगाराच्या खाती, अशी ढोबळ विभागणी लोकव्यवहारात रूढ आहे आणि तीत पहिला सैनिक थोर व दुसरा हलका ठरतो. ‘भाडोत्री’ हे विशेषण जवळजवळ शिवीसारखेच वापरले जाते. गोदावरी आणि मांजरा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या, आजच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या भूमीवर मात्र पगारी पलटणी, धर्मासाठी शस्त्र उचललेले पंथ, संस्थानी फौजा आणि विचाराने पेटलेले स्वयंसेवक असे सगळे प्रकार एकामागून एक येऊन गेले आहेत, आणि त्यांचा इतिहास या विभागणीला फारसा दुजोरा देत नाही.

या प्रश्नाची सर्वांत रोखठोक मांडणी महाभारताच्या भीष्मपर्वात आहे, आणि ती गीतेत नसून गीता संपल्यावर लगेच येणाऱ्या प्रसंगात आहे. अर्जुनाचा मोह फिटतो, दोन्ही सैन्ये उभी ठाकतात, आणि तेवढ्यात युधिष्ठिर कवच व शस्त्रे उतरवून पायी शत्रूच्या गोटात शिरतो आणि भीष्म, द्रोण, कृप व शल्य यांच्यापाशी युद्धाची अनुज्ञा मागतो. चौघांचेही उत्तर जवळपास एकसारखे येते: मनुष्य द्रव्याचा बांधलेला असतो, कौरवांच्या द्रव्याने आम्हांला बांधून घेतले आहे, म्हणून लढू त्यांच्या बाजूने, विजय मात्र तुझा व्हावा. शल्याची कथा तर याहून लौकिक आहे; पांडवांकडे निघालेल्या या मामाचे वाटेवर ठिकठिकाणी आदरातिथ्य करून दुर्योधनाने त्याला आपल्या बाजूस बांधून घेतले होते, म्हणजे खाल्ल्या मिठाचा अर्थ येथे अगदी शब्दशः घ्यावा लागतो. गीतेवर मराठीत ज्ञानेश्वरांपासून, नांदेडशी ज्यांचे नाव परंपरेने जोडले जाते त्या वामन पंडितांच्या यथार्थदीपिकेपर्यंत टीकांची मोठी रांग आहे आणि अर्जुनाच्या शंकेचा कीस काढण्यात पिढ्या गेल्या आहेत. पण अर्जुन हा नमुनेदार सैनिक नव्हता. तो वादातील पक्षकार होता, राज्यावर हक्क सांगणाऱ्याचा सख्खा भाऊ होता, आणि रथ थांबवून सारथ्याशी चर्चा करण्याची मुभा त्याला होती, जी अठरा अक्षौहिणींतील कोणत्याही पायदळाच्या शिपायाला नव्हती. सैनिकाच्या नेहमीच्या स्थितीचे चित्र म्हणून अर्जुनापेक्षा भीष्म-द्रोणांकडे पाहणेच अधिक सयुक्तिक आहे: कामगिरी चुकीची आहे हे कळलेले, तरीही तिच्यावर गेलेले.

याच प्रसंगात आणखी एक गोष्ट घडते आणि ती सहसा दुर्लक्षित राहते. परत फिरताना युधिष्ठिर दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहून मोठ्याने पुकारतो की ज्याला आमच्या बाजूस यायचे असेल त्याने यावे, आणि कौरवांच्या अकरा अक्षौहिणींतून धृतराष्ट्राचा दासीपुत्र युयुत्सु हा एकटा बाजू बदलून येतो. महाभारतकाराला माणसांची पारख होती असे म्हणावे लागते. सदसद्विवेकाने हुकमाची मर्यादा ओलांडणारा निघतो, पण तो एखादाच, आणि पुष्कळदा घरात ज्याचे स्थान आधीच अर्धवट आहे असा.

भीष्मांच्या उत्तरातील हा न्याय पुढे दख्खनच्या लष्करी व्यवहारात रोकडा दिसतो. आज लातूर जिल्ह्यात असलेल्या उदगीर येथे ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला नमवले आणि त्यानंतरच्या तहात साठ लक्षांचा मुलूख व दौलताबाद, अशीरगड यांसारखे किल्ले मिळवले. या मोहिमेत भाऊंच्या तोफखान्याची भिस्त इब्राहिमखान गारदी या सरदारावर होती. गारदी म्हणजे फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेले, बंदुका व तोफा चालवणारे, दरमहा रोख पगार घेणारे पायदळ. इब्राहिमखान हा फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला आणि काही काळापूर्वीपर्यंत निजामाच्याच चाकरीत असलेला माणूस होता. उदगीरला त्याने ज्यांच्यावर तोफा डागल्या ते त्याचे कालचे धनी होते. या व्यवहारात श्रद्धा शोधू गेल्यास हाती काहीच लागत नाही.

वर्षभराच्या आत पानिपतावर हाच माणूस वेगळ्या प्रकाशात दिसतो. अब्दालीच्या गोटात त्या लढाईला धर्मयुद्धाचे रूप दिले जात होते आणि इब्राहिमखान मुसलमान होता, म्हणजे श्रद्धेची हाक नेमकी समोरून येत होती. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने या लढाईचा डोळ्यांदेखतचा वृत्तान्त फारसीत लिहून ठेवला आहे. त्यात १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी इब्राहिमखान भाऊंपुढे येऊन मुजरा करतो आणि सांगतो की माझ्या लोकांच्या दरमहा पगारासाठी मी हट्ट धरला म्हणून आपली नाराजी होती, या महिन्यात तर खजिना लुटला गेल्याने आम्हांला पगारच मिळालेला नाही, पण त्याची चिंता नको, इतके दिवस मागितले ते फुकट मागितले नव्हते हे आज दिसेल. त्या दिवशी गारद्यांच्या पलटणी मोठ्या प्रमाणावर कापल्या गेल्या, खान जखमी होऊन पकडला गेला आणि कैदेतच संपला. पगार थकलेला असताना पगाराचीच आठवण देऊन तो मरणाला सामोरा जातो, यात एक विलक्षण नैतिक तर्क आहे: वेतन हे त्याच्या लेखी केवळ मोबदला नव्हते, दिलेल्या शब्दाची ती खूण होती, आणि शब्द पाळण्यासाठी मोहिमेचा हेतू पटण्याची गरज नव्हती. मराठ्यांचे उत्तरेतील राजकारण त्याला पटले होते की नाही हा प्रश्नच त्याच्या बोलण्यात उद्भवत नाही.

तथापि या मिठाच्या नीतीचे गोडवे गाण्यापूर्वी ३० ऑगस्ट १७७३ ची शनिवारवाड्यातील दुपार आठवलेली बरी. थकलेल्या पगाराचा ओरडा करीत वाड्यात शिरलेल्या सुमेरसिंग गारद्याच्या लोकांनी नारायणराव पेशव्याला ठार केले. मागे रघुनाथरावांच्या पक्षाचे कारस्थान होते हे खरे, पण हात गारद्यांचे होते. ज्या नीतीने इब्राहिमखानाला पानिपतावर उभे ठेवले तीच नीती, तिच्यातली अब्रूची बाजू गळून पडल्यावर, धन्याच्या पोटात तलवार खुपसते.

पगारी निष्ठेच्या अगदी उलट टोकाला नांदेडची परंपरा आहे. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १६९९ मध्ये आनंदपूर येथे खालसा पंथाची स्थापना केली आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी नांदेड येथे त्यांचे देहावसान झाले. ज्या स्थानी आज तख्त सचखंड श्री हुजूर साहिब उभे आहे तेथे गुरूंची मानलेली शस्त्रे जपून ठेवलेली असून रोज त्यांचे दर्शन घडवले जाते आणि त्या वेळी एकेक शस्त्र हातात घेऊन भाविकांना दाखवले जाते. शस्त्र देवघरात असण्याचा अर्थ येथे नीट लावला पाहिजे. खालसा विचारातील ‘संत-सिपाही’ म्हणजे आधी साधक व मग योद्धा, ज्याच्या हातातील शस्त्र हे बाकीचे उपाय थकल्यावरचा उपाय आहे. औरंगजेबाला लिहिलेल्या जफरनामा या फारसी पत्रात गुरूंनी ही मर्यादा स्पष्ट केली आहे. म्हणजे येथे सैनिकाला मोहीम पटली पाहिजे एवढेच नव्हे, तर मोहीम कोणत्या कसोटीवर तपासायची हे मोहीम सुरू होण्यापूर्वीच त्याच्याजवळ असले पाहिजे.

नांदेडलाच माधोदास बैरागी गुरूंचा शिष्य झाला आणि बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबात गेला. १७१० च्या मे महिन्यात चप्पडचिडी येथे त्याने सरहिंदच्या वजीरखानाचा पराभव केला, आणि १७१६ मध्ये दिल्लीत त्याच्या शेकडो साथीदारांना एकामागून एक मारले जात असताना कोणीही धर्म सोडून जीव वाचवला नाही, असे तेथे असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलांनी कळवले होते. श्रद्धेने लढणाऱ्या सैनिकाचे याहून सबळ उदाहरण भारतीय इतिहासात क्वचित सापडेल. पण त्याच श्रद्धेने सरहिंद शहराची केलेली नासधूसही त्याच नोंदवहीत आहे. याच परंपरेत भाई कन्हैया यांची कथा सांगितली जाते: आनंदपूरच्या वेढ्यात ते शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजत, तक्रार गुरूंपर्यंत गेली, आणि गुरूंनी त्यांना शिक्षा करण्याऐवजी मलमपट्टीचे सामान दिले. बंदा आणि कन्हैया हे दोघे एकाच गुरूचे शिष्य आहेत. फरक असा की कन्हैयांची श्रद्धा मोहिमेवर नव्हती, मोहीम ज्याच्यासाठी होती त्यावर होती, आणि म्हणूनच ती शत्रूच्या ओठांपर्यंत पोहोचू शकली.

विरोधाभास असा की या पुण्यभूमीत पुढे शीख सैनिक आला तो निजामाचा चाकर म्हणून. एकोणिसाव्या शतकात पंजाबातून आलेल्या शीख तुकड्या अरब व रोहिले यांच्याप्रमाणेच हैदराबाद राज्यात सारा वसुलीच्या व बंदोबस्ताच्या कामाला लावल्या गेल्या, आणि १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंहांच्या साहाय्याने नांदेडचे आजचे मंदिर बांधले गेले. दख्खनी शीख समाजाची पाळेमुळे बऱ्याच अंशी या चाकरीत आहेत. वसुलीच्या कामगिरीवर कोणाची श्रद्धा बसेल? त्यांची श्रद्धा गोदाकाठी होती आणि चाकरी हैदराबादेत. या दोहोंमध्ये फारकत असूनही ती माणसे दुभंगली नाहीत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

पहिल्या महायुद्धात ही फारकत अधिक अवघड झाली. तुर्कस्तानचा सुलतान हा मुसलमानांचा खलिफा, आणि हैदराबादचे लान्सर्स हे घोडदळ त्याच्याच फौजेविरुद्ध सुवेझ व पॅलेस्टाइनच्या आघाडीवर पाठवले गेले. निजाम मीर उस्मान अली खान यांनी नोव्हेंबर १९१४ मध्ये मुसलमानांनी ब्रिटिशांशी एकनिष्ठ राहावे असा जाहीरनामा काढला होता. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापूरला ५ व्या लाइट इन्फन्ट्रीतील मुसलमान सैनिकांनी उठाव केला त्यामागे आपल्याला तुर्कांवर धाडले जाणार ही अफवा हे एक मोठे कारण होते. सरकारी जाहीरनाम्याने शंका दाबता येते, मिटवता येत नाही.

सप्टेंबर १९४८ च्या पाच दिवसांत मात्र हा सगळा प्रश्न याच जिल्ह्यांत एकवटून आला. हैदराबाद संस्थानाने भारतात विलीन होण्यास नकार दिला होता, आणि मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेच्या रझाकारांनी, म्हणजे सशस्त्र स्वयंसेवकांनी, खेड्यापाड्यांत दहशत माजवली होती. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरटा येथे झालेली कत्तल ही तिची एक खूण. त्यांचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील. १३ सप्टेंबरला मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरले, १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी हैदराबाद फौजेचे प्रमुख मेजर जनरल एल एद्रूस यांनी शरणागती दिली.

या पाच दिवसांत निजामाची नियमित फौज कशी वागली हे पाहण्यासारखे आहे. मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, लातूरकडून आलेल्या भारतीय तुकडीसमोर ३ गोवळकोंडा लान्सर्सने नाममात्र प्रतिकार केला आणि शस्त्रे ठेवली. पगार घेतला, वर्दीची लाज राखण्यापुरते लढले आणि थांबले; स्वतंत्र हैदराबादच्या स्वप्नासाठी मरावे असे त्यांना वाटले नाही. गावागावांतून जाणाऱ्या सैन्यावर दबा धरून हल्ले चढवले ते बहुतेक रझाकारांनी. त्यांच्यापाशी ना धड कवायत होती ना हत्यारे, श्रद्धा मात्र पुरेपूर होती. मोहिमेवर विश्वास असणे हीच सैनिकाच्या सद्गुणाची कसोटी मानली, तर त्या सप्टेंबरात मराठवाड्यातील सर्वांत गुणवान योद्धे रझाकार ठरतील, आणि अवघ्या पाच दिवसांत तलवार म्यान करणारे लान्सर्स हीन ठरतील. हा निष्कर्ष कोणीच मान्य करणार नाही, तेव्हा दोष त्या कसोटीतच असला पाहिजे.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडणे भाग आहे, जरी मराठवाडा मुक्तिदिनाच्या भाषणांत ती सहसा येत नाही. भारतीय सैनिक ज्या मोहिमेवर आले ती मुक्तीची होती, आणि इतिहासाने तिला मुक्तीचीच ठरवले आहे. परंतु पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना मिस्री यांची जी समिती केंद्र सरकारने पाठवली, तिने नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर १९४८ या काळात राज्यभर फिरून जो अहवाल दिला, त्यात कारवाईच्या काळात व नंतर राज्यात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज असून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळले असे म्हटले आहे. लातूर शहर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तेथे कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, आणि सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी समितीला जेमतेम तीन हजार लोक गावात आढळले. मारणारे मुख्यतः स्थानिक जमाव होते, पण लष्कर व पोलिसांतील काही माणसे लुटीत आणि त्याहून गंभीर गुन्ह्यांत सामील होती असेही समितीने लिहिले. अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. रझाकारांच्या अत्याचारांनी पोळलेल्यांचा सूड म्हणून जमावाची कृती समजावून घेता येईल, समर्थन वेगळे. सैनिकाच्या बाबतीत एवढेही म्हणता येत नाही, कारण त्याला धाडणारे कारण न्याय्य होते, आणि कारण न्याय्य आहे हीच भावना त्याला आवरण्याऐवजी मोकळीक देऊन गेली असण्याचा संभव राहतो. न्याय्य मोहिमेवरील श्रद्धा ही अन्याय्य कृत्याची ढाल होऊ शकते.

त्याच अहवालात एक लहानशी नोंद अशी आहे की ठिकठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवले, आणि समव्यवसायाचे नाते यात विशेष ठळक होते: हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू जमावापासून वाचवले आणि त्यासाठी काहींनी प्राणही दिले. त्यांना कोणी कोणत्या मोहिमेवर पाठवलेले नव्हते. ज्यांच्या सोबत माग चालवला, ज्यांच्याशी सुताची उसनवारी केली, त्या माणसांना मारू द्यायचे नाही, एवढाच त्यांचा हेतू दिसतो.

योगायोगाने त्याच १९४८ साली एडवर्ड शिल्स व मॉरिस जानोविट्झ या समाजशास्त्रज्ञांनी जर्मन सैन्याचा अभ्यास प्रसिद्ध करून असे मांडले की शिपाई शेवटपर्यंत लढतो तो नाझी विचारासाठी नव्हे, शेजारच्या खंदकातील सोबत्यासाठी. इतिहासकार ओमेर बार्टोव्ह यांनी पुढे याला हरकत घेतली, कारण पूर्व आघाडीवर मूळच्या तुकड्या इतक्या लवकर संपल्या की सोबतीचे नाते उरलेच नव्हते, आणि जे उरले ते विचारसरणीचे विष होते. दोन्ही मते खरी असू शकतात. सोबत हे नैतिक गुणाचे नाव नव्हे. विणकरांना तिने वाचवणारे बनवले आणि जमावाला मारणारे. बारकाईने पाहिल्यास विणकरांच्या सोबतीला धर्माची भिंत नव्हती, एवढाच फरक हाती लागतो, आणि तो भाई कन्हैयांच्या पाण्याच्या मशकीपासून फार लांबचा नाही.

सोळाव्या शतकातील स्पॅनिश धर्मशास्त्री फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी असा निर्वाळा दिला होता की युद्ध अन्याय्य आहे याची ज्याची खात्री पटली आहे त्या सैनिकाने लढू नये, मग राजाज्ञा काहीही असो. ज्याला केवळ शंका आहे त्याने आज्ञा पाळण्यास हरकत नाही. हा निर्वाळा राजांच्या सोयीचा आहे अशी टीका करता येईल, कारण बहुतेकांना आयुष्यभर शंकाच असते, खात्री क्वचित. पण त्यात एक शहाणपण आहे: सैनिकाकडून तो श्रद्धेची अपेक्षा ठेवत नाही, नकाराच्या क्षमतेची ठेवतो. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात ब्रिटिश फौजेतील चंद्रसिंग गढवाली व त्यांच्या सोबत्यांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडण्यास नकार दिला. साम्राज्याच्या कामगिरीवर त्या दिवसापूर्वी त्यांची फार श्रद्धा होती वा नव्हती हे येथे गौण ठरते.

आज नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर पहाटे भरतीची तयारी करीत धावणाऱ्या मुलांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात फौजेची नोकरी म्हणजे प्रथम पगार, रेशन, घराच्या कर्जाचा हप्ता आणि बहिणीचे लग्न. २०२२ च्या अग्निपथ योजनेने तीच नोकरी बहुतेकांसाठी चार वर्षांची केली तेव्हा जो संताप उसळला तो पोटाचा होता आणि त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. इब्राहिमखानालाही पगार मागण्याची लाज वाटली नव्हती. प्रशिक्षण संपल्यावर कसम परेडीत हा जवान धर्मग्रंथावर हात ठेवून जी शपथ घेतो तीत कोणत्याही मोहिमेचे नाव नसते. तो राज्यघटनेशी निष्ठा वाहतो आणि जमिनीवरून, समुद्रातून वा हवेतून जेथे धाडतील तेथे जीव धोक्यात घालून जाण्याचे मान्य करतो. १९५० च्या सेना अधिनियमातही हुकूम न पाळण्याचा गुन्हा ठरतो तो हुकूम कायदेशीर असेल तरच. सप्टेंबर १९४८ मध्ये नळदुर्गच्या वाटेने आलेल्या शिपायांपुढे ती घटना नव्हती, कारण ती अजून लिहून झाली नव्हती. आजच्या जवानापुढे ती आहे, आणि ‘कायदेशीर’ हा एक शब्द त्याला कवायतीइतक्याच कसोशीने शिकवला जातो काय, हा प्रश्न मोहिमेवर त्याचा विश्वास आहे काय या प्रश्नापेक्षा अधिक निकडीचा आहे.